मावशीच्या झोपेचा ताबा

मावशी बस चालवते. एवढं सांगितलं की ऐकणारा थोडा वेळ थांबतो. वाक्य अजून संपायचंय असं त्याला वाटतं. मग विचारतो, "म्हणजे, शाळेची छोटी व्हॅन?" नाही हो. चांगली लांबलचक, दोन दारांची, मधे वळणासाठी रबराची घडी असलेली बस. आणि मावशी स्वतः उंचीने एवढीशी. सीटवर उशी घेऊनच बसते. मागून बघितलं तर चाकामागे कुणीच नाही असं वाटतं. एकदा एका आजोबांनी घाबरून विचारलंही होतं, "अरे, चालवतंय कोण?"

मावशीने आरशातून बघत उत्तर दिलं, "देवाच्या भरवशावर चाललीय. घट्ट धरून बसा."

त्यांच्या डेपोत एक रीत आहे. दुपारी शिफ्ट बदलते तेव्हा उतरणारा आणि चढणारा, दोघं ड्रायव्हर मिळून गाडीभोवती एक फेरी मारतात. उतरणारा गाडीच्या खोड्या सांगतो. ब्रेक जरा खोल जातो, डावा आरसा हलतो, मागच्या दाराचं बटण दोनदा दाबावं लागतं. सगळं सांगून झालं की किल्ली समोरच्याच्या तळहातावर ठेवायची आणि म्हणायचं, "गाडी तुझी." तो म्हणतो, "गाडी माझी." बस, ताबा गेला. त्यानंतर उतरलेल्याने गाडीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. त्याच बसने घरी जायचं असेल तर मागच्या सीटवर बसायचं.

ही रीत मावशीइतकी कडक कुणीच पाळत नाही. तिची गाडी दुपारनंतर लांबू चालवतो. लांबू म्हणजे पाय दुमडून बसावं लागतं इतका उंच, बडबड्या तरुण ड्रायव्हर. एकदा पाळ्या उलट्या लागल्या होत्या, तेव्हा तो तिला ताबा देऊन पुढच्याच सीटवर बसला आणि चौकात म्हणाला, "वहिनी, जरा हळू." मावशीने पुढच्या स्टॉपला बस लावली, दार उघडलं आणि मागे वळून म्हणाली, "लांबू, दोन डोक्यांनी एक गाडी चालत नाही. एक तर तू चालव, नाहीतर मागे जा." लांबू मागे गेला. आजही डेपोत कुणी कुणाच्या कामात नाक खुपसलं की लोक म्हणतात, "मागे जा."

आता घरातली मावशी.

घरी चौघं. मावशी, काका, त्यांचा मुलगा लोळ्या आणि काकांची आई. काका बेकरीत भट्टीवर कामाला, पहाटे निघतात. लोळ्या एका गोदामात, त्याची वेळ दर आठवड्याला बदलते. लोळ्या हे नाव त्याला पाळण्यात नाही, पण फार उशिराही मिळालेलं नाही. सासूबाई म्हाताऱ्या, गुडघ्याने अधू आणि जिभेने एकदम धडधाकट.

रात्रीच्या जेवणाला या घरात एक कार्यक्रम असायचा. ताटावरून उठता उठता काका म्हणायचे, "अगं, उद्या जरा लवकरच उठव." लोळ्या म्हणायचा, "आई, मला त्यानंतर. आणि मी पुन्हा झोपलो तर पुन्हा." वरच्या मजल्यावरचे मास्तर गाडी पकडायची असेल तर जिन्यातूनच ओरडायचे, "वहिनी, उद्या आमच्या दारावर एक थाप!" मावशी भांडी आवरता आवरता सगळ्यांना "हो" म्हणायची. कुठे लिहून ठेवणं नाही, गजर लावणं नाही. सगळं डोक्यात. आणि ती कधी चुकली नाही. एकदासुद्धा नाही. नातेवाइकांत तिची ख्याती होती. लग्नाकार्याला हॉलवर मुक्काम असला की लोक आपली अंथरुणं तिच्या शेजारी टाकायचे.

तिची दुसरी ख्याती अशी, की तिला कुठेही झोप लागते. ड्युटी संपवून लांबूच्या बसमध्ये मागे बसली, की पहिला सिग्नल यायच्या आत मान कलायची. "बघा," काका कौतुकाने सांगायचे, "निवांत मन असलं की असं असतं. आम्हाला नाही बुवा अशी झोप."

मग वर्षाची तपासणी आली. ड्रायव्हरांना ती द्यावीच लागते. डोळे, कान, रक्त, रक्तदाब. आजवर मावशी तिथे जायची, दंडाला पट्टा बांधून घ्यायची आणि गप्पा मारून परत यायची. या वेळी नर्सने पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा सोडला आणि म्हणाली, "ताई, जरा बाहेर बसा. पाणी प्या. परत बघू." परत बघितलं. तिसऱ्यांदाही बघितलं. रक्तदाब खूप वर. आणि रक्तातली साखर काठावर, अजून पडली नव्हती, पण वाकून खाली बघत होती.

डेपो मॅनेजर वाईट माणूस नव्हता. पण नियम त्याच्यापेक्षा मोठा होता. "दोन महिने चाकावर बसायचं नाही," तो म्हणाला. "उपचार घ्या. मग परत तपासणी. तेव्हाही असंच निघालं तर…"

"तर?"

"तर किल्ल्यांची खिडकी, वहिनी. कायमची."

किल्ल्यांची खिडकी म्हणजे डेपोच्या फाटकाजवळ एक जाळी, जाळीमागे एक खुर्ची, भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या किल्ल्या. ड्रायव्हर येतो, खिडकीतून किल्ली घेतो, जातो. खुर्ची जागेवरून हलत नाही. मावशी घरी आली ती चपला न काढताच बसली. म्हणाली, "एवढी वर्षं जग माझ्या काचेतून मागे पळत होतं. आता मी जाळीत बसून जगाला किल्ल्या द्यायच्या."

डॉक्टरीणबाईंकडे तिच्यासोबत मी गेले होते. बाई वयाने मावशीहून बऱ्याच लहान, बोलायला मोकळ्या. त्यांनी मीठ विचारलं, तेल विचारलं, घरात कुणाला हा त्रास होता का विचारलं. मग म्हणाल्या, "झोप?"

"झोप काय, पडल्या पडल्या!" मावशी खूश झाली. एका तरी विषयात ती पास होती. "जेवलं की पडते, उजाडलं की उठते. अंगाला काही लागत नाही मला."

"मधे उठता?"

"नाही."

मी मावशीकडे बघितलं. मावशीने माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे यांना उठवते तेवढं," ती म्हणाली. "पण दिवा कुठे लावते मी? डोळेसुद्धा अर्धेच उघडते."

दिवा न लावता उठलं तर ते उठणं नव्हेच, असा मावशीचा हिशेब होता. आणि हा हिशेब तिच्या एकटीचा नाही, बऱ्याच बायकांचा आहे.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी दंडाला बांधायचा एक पट्टा आणि कमरेला लावायचं एक यंत्र दिलं. एक पूर्ण दिवस आणि एक पूर्ण रात्र बांधून ठेवायचं, ते आपोआप फुगून रक्तदाब मोजत राहतं. परत गेलो तेव्हा त्यांनी पडद्यावर एक रेघ दाखवली.

"ही तुमची दिवसाची. आता रात्र बघा. झोपेत ही रेघ खाली उतरायला हवी. समुद्राला ओहोटी लागते ना, तशी. दिवसभर ताणलेल्या रक्तवाहिन्या, हृदय, सगळ्यांना तेवढीच उसंत. तुमची रेघ उतरतच नाही. आणि हा उंचवटा? इथे कोण होतं?"

मावशीने नाक जवळ नेऊन बघितलं. "ते आमचे हे. भट्टीवर जायचं असतं."

"आणि हा?"

"लोळ्या."

"हा?"

"तो लोळ्याच. पुन्हा झोपतो ना."

"आणि इथे, या दोघांच्या आधी?"

मावशी जरा अडखळली. "इथे कुणी नाही. इथे मी… उशीर तर नाही ना झाला, ते बघायला."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

"अंगातून वाफा निघतात का मधेच? घाम फुटून जाग येते?"

"येते की. पण सगळ्या म्हणतात, वयाचं आहे."

"वयाचं आहेच. म्हणूनच तर विचारतेय. पाळी जायच्या दिवसांत बायकांची झोप अशीच मोडते. त्यावरही उपाय आहेत, ते आपण बघू. पाळी असेपर्यंत हृदयाला थोडंफार संरक्षण असतं, तेही याच वर्षांत उणं होतं. म्हणजे झोप सर्वांत जास्त हवी तेव्हाच ती तुटते. आणि घरातली माणसं म्हणतात, तिला काय, कुठेही झोप लागते."

मावशी एकदम सावरून बसली. "हां, ते मात्र खरं. बसमध्ये बसले की लगेच लागते."

"ती झोप नव्हे, ताई. ती उपासमार आहे. उपाशी माणूस मिळेल तिथे खातो."

मग दुपारी चहासोबत बिस्किटांचा पुडा कसा संपतो ते निघालं. मावशी शरमली. जिभेवर ताबाच नाही माझा, म्हणाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जिभेला कशाला दोष देता? अर्धवट झोपलेलं शरीर गोड मागतं, आणि दिलेलं नीट पचवतही नाही. साखर रक्तातच रेंगाळते. सगळा गुन्हा झोपेचाच असं मी म्हणत नाही. गोळी मी देतेय, ती रोज घ्या. चालणं वाढवा. पण रात्रभर तुमचं शरीर पहारा देत उभं राहिलं, तर बिचारी गोळी एकटी काय करणार?"

घरी येऊन मावशीने हे जेवताना सांगितलं. काकांचा घास हातातच राहिला. भला माणूस आहे, पण काही गोष्टी त्याला कुणी सांगितल्याशिवाय दिसत नाहीत. "म्हणजे माझ्यामुळे?" ते म्हणाले. "छे छे. उद्यापासून आपण आपला गजर लावू. काय रे लोळ्या?"

"दोन लावतो," लोळ्या म्हणाला.

झालं. घरात फोनचे गजर लागले. डोळ्यांवर बांधायची पट्टी आली, कानात घालायचे बोळे आले. सगळे पायांत मांजर बांधल्यासारखे चालू लागले. आणि मावशी? मावशी प्रत्येक गजराच्या आधी जागी होऊ लागली. वाजतोय की नाही हे बघायला! काकांचा वाजला तर ते उठले का, हे ऐकायला. लोळ्याने बंद केला तर का केला, याचा तपास करायला. पूर्वी तिच्यावर दोन माणसांची जबाबदारी होती. आता दोन माणसं आणि तीन गजर.

"मग मजेत आहे ना झोप?" मी विचारलं.

"अगं, या शांततेनेच जाग येते," ती म्हणाली. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

मधल्या तपासणीत रेघ तशीच. गोळीने दिवसाचा आकडा थोडा खाली आला होता, रात्रीचा जागचा हलला नव्हता. फेरतपासणी जवळ येत चालली. या दोन महिन्यांपुरती जाळीमागे बसून मावशी किल्ल्या देत होती.

आणि एका दुपारी लांबू खिडकीशी आला. तिच्याच गाडीची किल्ली घ्यायला. मावशीने किल्ली काढली, पण हात जाळीतून बाहेर काढेना.

"लांबू, शाळेच्या वळणावर सावकाश हं. पोरं मधेच येतात. ब्रेक खोल जातो. आणि बाजाराच्या स्टॉपला ती काठीवाली बाई चढायला वेळ लावते, तिला सोडून जाशील. आणि…"

"वहिनी."

"…तो डावा आरसा, पावसात…"

"वहिनी!" लांबूने वाकून जाळीला तोंड लावलं. त्याला वाकावंच लागतं. "सांगितल्यात ना खोड्या? मग किल्ली द्या. दोन डोक्यांनी एक गाडी चालत नाही. मागे जा!"

मागे रांगेत उभे असलेले ड्रायव्हर खो खो हसले. मावशीही हसली. हसता हसता थांबली. किल्ली त्याच्या हातावर ठेवून म्हणाली, "गाडी तुझी."

"गाडी माझी," लांबू म्हणाला, आणि गेला. ती मात्र बराच वेळ तळहाताकडे बघत बसली होती, असं रांगेतल्या एका ड्रायव्हरने मला पुढे सांगितलं.

त्या रात्री जेवणं झाली. मी तिथेच होते. मावशीने खुंटीवरची घराची किल्ली काढली आणि सगळ्यांच्या मधे येऊन उभी राहिली.

"घराचा ताबा द्यायचाय," ती म्हणाली. "कोण घेतंय?"

काका घाबरले. "कुठे चाललीस?"

"झोपायला. पण उभ्या उभ्या नाही. गाडी एकाच्या हातात असते, तशी रात्र एकाच्या हातात असते. मी ती आजवर कुणाला दिलीच नाही. मागच्या सीटवर पडून पाय मात्र ब्रेकवर. बोला, कोण घेतंय?"

काका लोळ्याकडे बघू लागले, लोळ्या छताकडे. कोपऱ्यातल्या कॉटवरून आवाज आला.

"इकडे आण."

सासूबाई. हात पुढे करून बसल्या होत्या.

"आई, तुम्ही? तुम्हाला कशाला त्रास…"

"कसला त्रास? पहाटे मी नाहीतरी टक्क जागीच असते. म्हाताऱ्या माणसाला एवढी झोप लागते कुठे? तू मांजरीसारखी उठतेस, याला हलवतेस, त्याला हलवतेस, माझं पांघरूण सारखं करतेस, सगळं बघते मी. डोळे मिटून पडते, तुला बरं वाटावं म्हणून."

मावशीचं तोंड उघडंच राहिलं. "मग बोलला नाहीत कधी?"

"विचारलंस कधी? तुला वाटायचं, तू नाही उठलीस तर सूर्य अंथरुणातच राहील. आण ती किल्ली. मला या घरात वर्षानुवर्षं कुणी काम म्हणून दिलेलं नाही. सारखं आपलं, 'बसा, आराम करा, आई.' आराम करून करून कंबर मोडली माझी."

मग मावशीने रीतसर खोड्या सांगितल्या. कॉटवर टेकून, अगदी गंभीरपणे. "हे पहिल्या हाकेला 'उठलो' म्हणतात, ते खोटं असतं. दुसरी मारावी लागते. लोळ्याला हाकेने काही होत नाही, पांघरूण पायाकडून ओढायचं. तोंडाकडून ओढलं तर धरून ठेवतो."

"मी इथेच बसलोय," लोळ्या म्हणाला.

"तू गप्प. गाडी बोलत नाही."

मावशीने किल्ली सासूबाईंच्या सुरकुतलेल्या हातावर ठेवली. "घर तुमचं."

"ते होतंच," सासूबाई म्हणाल्या. मग जरा मऊ आवाजात, "बरं. घर माझं. जा आता."

पहिले काही दिवस सोपं नव्हतं. मावशीला जाग येतच होती. पण ती उठू लागली की, तिच्याच शब्दांत, "अंधारातून हुकूम यायचा, 'पड! घर माझं आहे!' आणि काय करणार? रीत म्हणजे रीत." ती पडून राहायची. पडता पडता पाय ब्रेकवरून निघाला.

सासूबाईंची पद्धत मात्र वेगळी होती. हाक, पांघरूण, असलं लाडाचं काही नाही. गुडघ्यामुळे त्यांना उठवत नसे, म्हणून त्या बसल्या जागेवरून काठीने पोचत. काकांच्या पोटरीला एक, लोळ्याच्या पाठीला दोन. वर टोमणा फुकट. "उठा, राजे. पाव वाट बघतायत." मास्तरांनी जिन्यातून थाप मागितली तेव्हा त्यांना दारातूनच उत्तर मिळालं, "मास्तर, मुलांना वक्तशीरपणा कोण शिकवतं?" आठवडा संपायच्या आत काका काठी पोचायच्या आधी स्वतःच उठायला लागले. लोळ्याने आपली गादीच काठीच्या टप्प्याबाहेर नेली, पण त्यासाठी त्याला स्वतःहून उठणं भाग पडलं. सासूबाई जरा हिरमुसल्या. मग मावशीने त्यांना सांगितलं, आता मलाच उठवत जा. तिला मात्र त्या काठी लावत नाहीत. नुसतं म्हणतात, "अगं, उजाडलं."

दोन महिने संपले. पुन्हा पट्टा, पुन्हा यंत्र, पुन्हा पडदा. मावशीने आधी रेघेकडे बघितलंच नाही, डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"ओहोटी लागलीय," त्या म्हणाल्या. "भरपूर नाही. पण रेघ रात्री खाली उतरतेय. दिवसाचा आकडाही हद्दीत आलाय. साखर अजून काठावरच आहे. पण वाकून बघायची थांबलीय म्हणा."

"हे गोळीने झालं की झोपेने?"

"वेगवेगळं करून सांगता येत नाही, ताई. गोळी आहे, चालणं आहे, घामाच्या वाफा कमी झाल्यात, झोप आहे. यातलं एकही सोडू नका. सहा महिन्यांनी परत या."

"पण चाक?"

त्यांनी कागदावर सही केली आणि तो मावशीच्या हातावर ठेवला. "गाडी तुमची."

मावशीने पदराने चष्मा पुसला, जो अजिबात मळलेला नव्हता.

पहिल्या दिवशी ती सकाळच्या फेरीला निघाली. दुपारी लांबूला ताबा दिला, गाडीभोवती फेरी मारून, खोड्या सांगून. मग आम्ही दोघी त्याच बसमध्ये मागे जाऊन बसलो. मी सवयीने खांदा पुढे केला, तिची मान कलंडायची म्हणून.

पहिला सिग्नल गेला. दुसरा गेला. खांद्यावर काही आलं नाही. बघते तर मावशी बाजूच्या काचेला नाक लावून बसलेली.

"काय बघतेस?"

"अगं, हे बघ, इथे वरच्या मजल्यावर कुणीतरी गच्चीभर कुंड्या मांडल्यात. कधीपासून आहेत?"

"वर्षानुवर्षं आहेत, मावशी."

"मला कसं दिसणार? जाताना डोळे रस्त्यावर, येताना मिटलेले." तिने काच पुसली. "आणि ते दुकान? चष्म्याचं? ते कधी झालं?"

तेवढ्यात लांबूने शाळेच्या वळणावर जरा जोरातच वळवली. सगळे एका बाजूला कलले. मी मावशीच्या पायाकडे बघितलं. उजवा पाय चपलेत सैल, बोटं पसरून निवांत. ती पुढे वाकलीसुद्धा नाही.

"ती बघ, निळ्या कौलांची इमारत," ती म्हणाली. "ही तर मी कधी बघितलीच नव्हती."